आईला 'साउथ एशियन थेरपिस्ट' हवा का? बडोद्याहून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. लेस्टरला राहणाऱ्या एका मुलीने विचारलंय. आई ६१ वर्षांची, बडोद्याला दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एकटी. वडील जाऊन १४ महिने झाले. तेव्हापासून आईच्या छातीत धडधडतं, पहाटे ३ ला जाग येते ती येतेच, जेवणावरची वासना उडालीय. ईसीजी, टूडी एको, सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी एकदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा म्हटलं, तर आईचं उत्तर, "मला काय वेड लागलंय?" मावशीच्या मते हे बाहेरचं आहे, चाणोदला जाऊन नारायणबळी करून घ्यावा. मुलीने इंग्लंडमधल्या 'कल्चरली सेन्सिटिव्ह' थेरपी देणाऱ्या साउथ एशियन थेरपिस्टांच्या वेबसाइट पाहिल्यात. आईला तिथूनच ऑनलाइन सुरू करावं की बडोद्यात मराठी माणूस शोधावा, हा तिचा प्रश्न. आणि जाता जाता एक वाक्य: "मी हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, रात्री एकला उठून आई उठली का बघते." त्या वाक्याकडे नंतर येते.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. आईसाठी बडोद्यातलाच माणूस बघा, समोर बसून बोलणारा. तो मराठीच हवा असा हट्ट धरू नका. लेस्टरच्या त्या वेबसाइटही बंद करू नका. त्यांचा उपयोग आहे, पण तो आईला नाही.

'साउथ एशियन' हे नाव तिकडे पडलं. सिल्हेटहून गेलेलं मुसलमान कुटुंब, जालंधरकडचे शीख, १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेले गुजराती, जाफन्याचे तमिळ, असे सगळे त्याखाली येतात. त्यांची काही दुखणी खरोखर सारखी आहेत: वर्णद्वेष, घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, आईबापांच्या कष्टांचं मुलांच्या डोक्यावरचं ऋण. तिथला चांगला थेरपिस्ट यात मुरलेला असतो. तुमच्या आईच्या वाट्याला यातलं काहीही आलेलं नाही. ती घरातून हललीच नाही. हललंय ते तिचं वर्ष.

म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, चैत्रात पुन्हा हळदीकुंकू आणि कैरीची डाळ, श्रावणात मंगळागौर जागवायला, शुक्रवारी सवाष्ण म्हणून जेवायला, मग गौरी, मग नवरात्रातली ओटी. जुन्या वस्तीतल्या, साठी ओलांडलेल्या बाईचं घराबाहेर पडणं, चांगली साडी नेसणं, चार बायकांत बसून हसणं बरंचसं या निमित्तांवर चालतं. नवरा गेला की ही बोलावणी थांबतात. कुणी दुष्टपणाने थांबवत नाही. "त्यांना वाईट वाटेल" म्हणून शेजारीण बोलावत नाही आणि "उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको" म्हणून ही जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र सरकारने तो बाकीच्या गावांपुढेही ठेवला. फार चांगलं झालं. पण ठरावाने शेजारणीचं बोलावणं येत नाही, आणि आपण तर पडलो गुजरातेत.

हे ज्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक नसताना जो विचारत नाही, तो थेरपिस्ट तुमच्या आईला सांगेल, "मैत्रिणींना भेटा, घराबाहेर पडा, छंद जोपासा." सल्ला चुकीचा नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेने नैराश्यावर बेतलेल्या उपचारात नेमकं हेच केलं जातं: माणसाला त्याच्या दिवसातली अर्थाची कामं पुन्हा हळूहळू सुरू करायला लावणं. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत ते केलं, आणि त्याचा गुण आल्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. फक्त 'मैत्रिणींना भेटा' म्हणताना मैत्रिणी भेटायच्या कुठे, आणि ते दार आता उघडं आहे का, हे विचारावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) मार्ग स्वतःच काढला. त्या पूर्वी गल्लीतल्या भिशीचा हिशेब ठेवायच्या, नवऱ्याच्या आजारपणात सोडला होता. तो पुन्हा मागून घेतला. म्हणाल्या, "भिशीला कुंकू लागत नाही." मला हे सुचलं नसतं.

आता तुम्ही वापरलेल्या 'कल्चरली सेन्सिटिव्ह' या इंग्रजी शब्दांविषयी, म्हणजे माणसाच्या रीतीभातींबद्दल संवेदनशील. लोकांना वाटतं, थेरपिस्टचं आडनाव आपल्यातलं असलं की संवेदनशीलता आपोआप आली. उलट 'आपल्यातला' माणूस पुष्कळदा विचारतच नाही, त्याने गृहीत धरलेलं असतं. "आपल्यात असंच असतं हो," म्हणून तो विषय मिटवतो, आणि जे बोलायला बाई आली होती ते तसंच राहतं. विचारायचं काय, हे काही गुपित नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच काही साधे प्रश्न मांडले होते: तुमच्या मते हे कशामुळे झालं? आत्ताच का सुरू झालं? यात सगळ्यात भीती कशाची वाटते? कुठल्या उपायाने बरं वाटेल असं तुम्हाला वाटतं? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, याच धर्तीची १६ प्रश्नांची मुलाखत आहे. बडोद्यातला कुठलाही नीट शिकलेला माणूस हे करू शकतो, मग तो शाह असो, मकवाणा असो की कुलकर्णी.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? पहिल्या भेटीला अशा काकू येतात तेव्हा हातात बहुधा प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत दोन वर्षांचे रिपोर्ट. ती पिशवी बाजूला ठेवायला सांगायचं नाही. मी एकेक कागद बघते, तारखा लावते. "काकू, हा एको तर गौरींच्या सुमारास काढलाय. तेव्हा धडधड जास्त होती का?" दहा मिनिटं यात जातात आणि ती वाया जात नाहीत. दुखणं खरं आहे, हे समोरच्या माणसाने मान्य केलं ही खात्री काकूंना पटते. मग झोप, मग भूक, मग दुपार. दुपारी काय करता, यावर बराच वेळ जातो. "मन कसं आहे?" हा प्रश्न मी पहिल्या भेटीत क्वचित विचारते. त्याचं उत्तर "ठीक आहे" असंच येतं. "दुपारी दोन ते पाच घरात आवाज कसला असतो?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

बोलताना कुणी धडधड म्हणेल, कुणी गभरामण, कुणी जीव घाबरा होतो म्हणेल. शरीराच्या भाषेत सांगितलं म्हणजे भावना कळत नाहीत, असा एक जुना समज पाश्चात्त्य पुस्तकांतून आपल्याकडे आला. त्यावर विश्वास ठेवू नका. नवऱ्याच्या जाण्याचं दुःख काय असतं ते तुमच्या आईला पूर्ण कळतं. डॉक्टरपुढे ते सांगायचं नसतं आणि धडधड सांगायची असते, एवढंच तिने इतक्या वर्षांत शिकलंय.

१४ महिने हे जास्त आहेत का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाचं निदान आहे. किमान ६ महिन्यांची अट आहे, पण त्याला जोडूनच म्हटलंय की तो शोक त्या माणसाच्या समाजाच्या आणि धर्माच्या रूढ मर्यादेपलीकडचा असला पाहिजे. अमेरिकन पुस्तिकेची २०२२ ची सुधारित आवृत्ती १२ महिने धरते. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घर सुतकी चेहऱ्याचंच असतं आणि पहिली दिवाळी होत नाही. त्यामुळे सहाव्या महिन्यात मी कुणालाही शिक्का मारत नाही. वर्षश्राद्धानंतर मात्र बघते. तेव्हा बहुतेकांचं थोडं सैल होतं. तुमच्या आईचं झालेलं दिसत नाही. पहाटे ३ ची जाग आणि उडालेली भूक ही निव्वळ शोकापेक्षा नैराश्याकडे जास्त बोट दाखवते. म्हणून मानसशास्त्रज्ञाच्या आधी किंवा निदान सोबत मनोविकारतज्ज्ञ हवाच.

तिथे जाण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ बघून घ्या. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे आणि त्याने थकवा, विसराळूपणा, उदासी, काहीही होऊ शकतं. नैराश्याची गोळी सुरू झाली तर पहिले १०-१२ दिवस मळमळ, थोडी बेचैनी असते. गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. याच काळात "गोळीने आणखीच बिघडलं" म्हणून ती बंद होते. हे आईला आणि मावशीला आधीच सांगून ठेवा. बरं वाटलं तरी गोळी सहा-नऊ महिने चालते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात, एकदम तोडत नाहीत. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या वयात दोन्ही मिळून सोडियम उतरू शकतं आणि मग माणूस बरळायला लागतं, पडतं. आणि घरातले ड्रॉवर बघा. अल्प्राझोलमची पट्टी कुणीतरी 'झोपेसाठी' आणून दिलेली असते. तिची सवय लागते.

आईला कसं न्यायचं? फसवून नाही. "बीपी तपासायला जाऊ" म्हणून मनोविकारतज्ज्ञाच्या दारात उभं करणारी घरं मी पाहिली आहेत, पुढच्या वेळी ती बाई कुठेच यायला तयार होत नाही. खोटं न बोलता सोपं वाक्य आहे: "आई, हृदय चांगलं आहे. आता धडधड आणि झोप यावर इलाज करणारे डॉक्टर दाखवायचे आहेत." हे शंभर टक्के खरं आहे. सांगताना तुमच्यापेक्षा फॅमिली डॉक्टरांचा आवाज जास्त चालेल. त्यांनाच चिठ्ठी लिहून द्यायला सांगा. कारेलीबागेत मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे, सयाजी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. जुन्या माणसांना कारेलीबागेचं नाव काढलं की धसका बसतो, तेव्हा सुरुवात सयाजीतून किंवा खाजगीतून केलेली बरी. मानसशास्त्रज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, ते विचारा. संकोचू नका, नोंदणी असलेला माणूस या प्रश्नाने रागावत नाही.

मराठी की गुजराती? आई भाजीवाल्याशी गुजरातीत आणि देवाशी मराठीत बोलत असणार, दोन्हींत तिचं अडत नाही. मराठी कळणारा हवा, कारण रडताना माणूस भाषा निवडत नाही. पण दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या मराठी घरांत कोण कुणाची मावसनणंद हे दोन मिनिटांत निघतं. तुमच्या आईला सासरच्यांबद्दल किंवा गेलेल्या नवऱ्याबद्दलच काही कडू बोलायचं असेल, आणि असतं बरं का, तर ते 'आपल्यातल्या' बाईपुढे जिभेवर येणार नाही. मराठी समजणारी गुजराती डॉक्टर अशा वेळी देवासारखी.

घरच्यांना आत घ्यावं का? घ्यावं. थेरपी म्हणजे बंद दाराआड एकटा माणूस, ही पद्धत आपण बाहेरून घेतली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांसाठी आवारात तंबू ठोकले आणि त्यांना उपचारात सामील करून घेतलं. मी पहिली दहा मिनिटं मावशीला बसवते, तिचं म्हणणं ऐकते, मग तिला बाहेर चहाला पाठवते. त्या पुढचं जे बोलणं होतं ते आईचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केलाय. दर भेटीनंतर लेस्टरहून "काय म्हणाली?" असा फोन आला तर मी काही सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडे आईला पाठवू नका. काय कळवायचं ते आईच्या समोर, पहिल्याच भेटीत ठरवावं: गोळ्या, पुढची तारीख, जिवाला धोका वाटला तर. बस.

मावशीच्या नारायणबळीला माझा विरोध नाही, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. चाणोदला नर्मदेकाठी बसून गेलेल्या माणसासाठी काही विधी केल्याने बऱ्याच जणांना मोकळं वाटतं, आणि गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी आई जाऊन बसणार असेल तर ते मी तिच्या आठवड्याच्या कामांत लिहूनच देईन. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ बरोबर चालवण्याचा कार्यक्रम झाला, मुजावरांनीच माणसांना डॉक्टरांकडे धाडायचं अशी त्याची रचना. मला ती शहाणपणाची वाटते. माझ्या अटी मोजक्या आहेत. गोळी एक दिवसही चुकायची नाही. कडक उपास नाहीत. विधीचा खर्च आईच्या पेन्शनीला झेपेल एवढाच. आणि कुणी मारहाण, कोंडणं, साखळी असला प्रकार सुचवला तर तिथून तडक उठायचं. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. संस्कृतीचा मान राखायचा तो याच्या अलीकडे. "लग्न लावून द्या, ठीक होईल", "नवरा हात उचलतो पण माणूस चांगला आहे" हीही आपल्याकडचीच वाक्यं आहेत, आणि ती ऐकून मान डोलावणारा थेरपिस्ट संवेदनशील नव्हे, भित्रा.

एक गोष्ट लगेच करायची. आई "आता देवाने न्यावं" म्हणते का? या वयाच्या बायका हे सहज म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यात थकव्यापलीकडे काही नसतं. पण ते गृहीत धरू नका. सरळ विचारा: "आई, स्वतः काही करून घ्यावंसं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे नीट तपासलं गेलंय. उत्तर 'हो' असेल, किंवा ती दागिने वाटून टाकत असेल, गोळ्या साठवत असेल, तर त्याच दिवशी मावशीला सोबत राहायला बोलवा आणि डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास, फुकट चालतो. मराठीतही बोलता येतं, गुजरातीतही. तो मावशीच्या फोनमध्येही घालून ठेवा.

इंग्लंडहून ऑनलाइन का नको, ते आता वेगळं सांगायला नकोच. तिथल्या थेरपिस्टला इथे गोळी लिहिता येत नाही, अडीअडचणीला धावता येत नाही, त्यांचे नियम आणि विमा देशाबाहेरच्या माणसाला लागू असतीलच असं नाही. आणि मोबाईलच्या चौकोनाशी बोलून आईची दुपार भरणार नाही.

आता तो कॅमेरा. लेस्टरला रात्रीचा एक म्हणजे उन्हाळ्यात इथे पहाटेचे साडेपाच. तुम्ही अंथरुणातून बघता, आई स्वयंपाकघराकडे गेली का. गेली की पुन्हा झोप लागते? मला शंका आहे. वडील गेले तेव्हा तुम्ही पोचू शकलात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि एकुलती एक मुलगी हे लिहीत नाही तेव्हा त्यात काहीतरी असतं. अपराधीपणा, दूर असल्याची धास्ती, तिथे 'सगळं मस्त' दाखवायची सक्ती: हे त्या वेबसाइटवरच्या लोकांचं रोजचं काम आहे. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई बाळंतिणींच्या नैराश्यावर त्यांच्या रीतीभातींशी जुळवून घेतलेल्या उपचारांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. ४ महिन्यांनी फरक स्पष्ट होता, १२ महिन्यांनी तो तितका टिकला नाही. म्हणजे जादू नाही, पण पोकळही नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येतं आणि पैसे पडत नाहीत. अर्ज करताना दक्षिण आशियाई थेरपिस्ट मागून बघा. नाहीच मिळाला तर जो मिळेल त्याला पहिल्या भेटीत त्या कॅमेऱ्याबद्दल सांगा.

आणि आईलाही त्याबद्दल विचारा. तिची हरकत नसेल तर राहू द्या, पण बघायच्या वेळा दोघींनी मिळून ठरवा. त्यात रात्रीचा एक नको.